जुन्या फास्ट गाडीचा ईसीयू: आधी तपासा, मग फ्लॅश करा (खान्देशातल्या नवशिक्यांसाठी)

मी भुसावळचा, दिवसा नोकरी आणि रविवारी गाड्या. ओळखीतली पोरं आजकाल नाशिक-पुण्याहून जुन्या पण पळणाऱ्या गाड्या उचलून आणतात, कोणी होंडा सिटी व्हीटेक, कोणी पालिओ १.६, कोणी लिनिया टीजेट, आणि माझ्यासारखे एक-दोन जण पहिली ऑक्टाव्हिया आरएस. गाडी आणली की आठ दिवसांत फोन येतो, भाऊ रिमॅप करायचाय, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरमधले, ईसीयूमधले, आकडे बदलायचेत. मी विचारतो, ट्रिम किती आहेत? समोरून शांतता. म्हणून हे लिहितोय, कारण ट्रिम, म्हणजे ईसीयूनं पेट्रोलच्या हिशोबात स्वतः केलेली दुरुस्ती, हे माहीत नसताना ईसीयूत हात घातला तर चांगली गाडी वाया जाते आणि ते बघून मला खरंच वाईट वाटतं.

उदाहरण मी ऑक्टाव्हिया आरएसचंच घेणार, कारण माझ्याकडं तीच आहे, एमएच १९ पासिंग. १.८ लिटर, सिलिंडरला पाच असे २० व्हॉल्व्ह, टर्बो, १५० बीएचपी, आणि ईसीयू बॉशचा एमई ७.५. याच घराण्यातला ईसीयू त्या काळातल्या कितीतरी ऑडी-फोक्सवॅगनमध्ये आहे, त्यामुळं त्याची माहिती जगभर उघडी पडलीय आणि शिकायला याच्यापेक्षा चांगला ईसीयू नाही असं माझं मत. तुमची गाडी दुसरी असली तरी कामाचा क्रम हाच.

सगळ्यात आधी, तुमच्याकडं कोणत्या काळातला ईसीयू आहे ते ओळखा

ढोबळमानाने तीन पिढ्या. नव्वदच्या दशकातल्या बऱ्याच ईसीयूत प्रोग्रॅम एका वेगळ्या २८ पायांच्या चिपमध्ये असतो, २७सी२५६ नाहीतर २७सी५१२, म्हणजे ३२ किंवा ६४ केबी. ती चिप काढायची, प्रोग्रॅमरवर वाचायची, दुसरी लिहून सॉकेटमध्ये बसवायची. जुन्या होंडांचं जगभर असंच चालतं. ज्या चिपला वर काचेची खिडकी असते ती अतिनील प्रकाशाने पुसली जाते, त्या खिडकीवरचं स्टिकर काढून उन्हात ठेवू नका, आपल्या उन्हात तर नकोच.

दुसरी पिढी फ्लॅश मेमरीवाली, डायग्नोस्टिक सॉकेटमधून के-लाईन या एका तारेवर बोलणारी. ऑक्टाव्हिया आरएस इथं बसते. तिसरी कॅनवाली, म्हणजे दोन तारांच्या वेगवान जाळ्यावर बोलणारी, लॉरा आरएस आणि पोलो जीटी टीएसआय वगैरे, तिथं सुरक्षा जास्त आणि साधनं महाग, नवशिक्यानं तिथून सुरुवात करू नये.

सोळा पायांचं सॉकेट दिसलं म्हणजे गाडी ओबीडी-२ (गाडीनं स्वतःचे दोष ओळखून सांगायची ठरलेली पद्धत) आहे असं समजू नका. भारतात ओबीडीचा पहिला टप्पा एप्रिल २०१० पासून आणि दुसरा एप्रिल २०१३ पासून सक्तीचा झाला, त्याआधीच्या गाड्यांत कंपनीनं जे दिलं ते दिलं. सॉकेटमध्ये १६ नंबरला बॅटरीचा प्लस, ४ आणि ५ ला अर्थ, ७ ला के-लाईन, ६ आणि १४ ला कॅन. सॉकेटकडं टॉर्च मारून बघा कुठल्या नंबरला पितळी पिन आहे, अर्ध उत्तर तिथंच मिळतं. खूप जुन्या होंडात तर स्कॅनरची गरजच नाही, दोन पिनांचा सर्व्हिस कनेक्टर जोडला की चेक लाईट लुकलुकून कोड सांगते, लांब लुकलुक म्हणजे दहा, छोटी म्हणजे एक.

सामान

लॅपटॉप जुना चालेल पण बॅटरी धड असलेला पाहिजे. के-लाईनची केबल, चांगल्या एफटीडीआय चिपची. ते ईएलएम ३२७ चं निळं ब्लूटूथ डबडं स्वस्त मिळतं, त्याच्यावर सर्वसाधारण कोड वाचता येतात पण कंपनीचे आतले कोड आणि मेजरिंग ब्लॉक (चालू आकड्यांचे नंबर दिलेले गट, पुढं त्यांनाच ग्रुप म्हटलंय) दिसत नाहीत, आणि फ्लॅश, म्हणजे ईसीयूत नवी फाईल लिहिणं, तर त्याच्यावर करायचंच नाही. ऑक्टाव्हियासाठी व्हीसीडीएस, म्हणजे फोक्सवॅगन घराण्याच्या गाड्या तपासायचं सॉफ्टवेअर, घ्या, खरी केबल घ्या, एकदाच पैसे जातील. मल्टीमीटर. बॅटरीला लावायला स्थिर व्होल्टेज देणारा सप्लाय, साधा चार्जर नव्हे, याच्याबद्दल पुढं सांगतो. आणि एक वही. ही वही सगळ्यात महत्त्वाची.

स्कॅनर लावायच्या आधी

आमच्या गल्लीत एक म्हातारे मिस्तरी होते, अँबेसेडरपासून सगळं उघडलेलं, कुठलीही गाडी आली की त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं, "भो, पयले अर्थिंग देख." कॉम्प्युटरवाल्या गाडीलाही हे तितकंच लागू. वीस वर्षांची गाडी, आपल्याकडची धूळ, जुलैतला पाऊस, अर्थच्या पट्टीखाली हिरवट गंज असतोच. बॅटरी भरलेली असेल तर गाडी बंद असताना १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवेल, इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४. मग मल्टीमीटरची एक काडी बॅटरीच्या मायनसला आणि दुसरी इंजिनच्या ब्लॉकला लावून हेडलाईट, ब्लोअर, मागची काच सगळं चालू करा. ०.१ व्होल्टच्या वर गेलं तर अर्थची पट्टी काढून घासा, ०.२ च्या वर असेल तर सरळ नवी घाला. सेन्सर चुकीचं सांगतायत असं वाटणाऱ्या निम्म्या गाड्या इथंच नीट होतात.

ऑक्टाव्हियात ईसीयू वायपरखालच्या खोबणीत बसवलेला आहे. तिथल्या पाण्याच्या वाटा झाडाच्या पाल्यानं तुंबल्या की पाणी साचतं आणि ईसीयूच्या डब्यात जातं. पावसाळ्याआधी ती खोबण साफ करा, आणि जुनी गाडी विकत घेत असाल तर झाकण काढून कनेक्टरच्या पिनांवर हिरवं-पांढरं काही आहे का ते बघितल्याशिवाय बयाणा देऊ नका.

कोड वाचणं

कोड वाचले की लगेच पुसायचे नाहीत. हे ठळक लिहून ठेवा, कारण एमई ७ मध्ये कोड पुसले की शिकलेले ट्रिमही शून्यावर येतात आणि गाडीनं महिनाभर जमवलेली माहिती एका क्लिकमध्ये जाते. आधी कोड वहीत, मग ट्रिम वहीत, मग पुसा, मग दोन दिवस चालवा आणि परत वाचा. जे परत आले ते खरे.

फोक्सवॅगन घराण्याचे कोड पाच आकडी असतात आणि नवीन माणूस त्यानं गोंधळतो, पण हिशोब सोपा आहे. पी० वाल्या कोडसाठी १६३८४ वजा करा, पी१ वाल्यासाठी १६४०८. म्हणजे १६६८४ आला तर पी०३००, कुठंतरी मिसिंग. १७५३६ म्हणजे पी११२८, लोडवर मिश्रण पातळ. १७५४४ म्हणजे पी११३६, आयडलला पातळ. १७७०५ म्हणजे पी१२९७, टर्बो आणि थ्रॉटलच्या मधे दाब गळतोय.

आता नवशिक्याची नेहमीची चूक सांगतो. कोडमध्ये ऑक्सिजन सेन्सरचं नाव आलं की ऑक्सिजन सेन्सर बदलायचा. अरे पण सेन्सर तर बिचारा खरं सांगतोय की मिश्रण पातळ आहे, पातळ का आहे ते शोधायचं काम आपलं. नवा सेन्सर बसवून चार दिवसांनी तोच कोड घेऊन येणारे मी बघितलेत. कोड म्हणजे तक्रार कुठून आली एवढंच, दोष कुठं आहे ते कोड सांगत नाही.

लाईव्ह डेटा, इथं वेळ घालवा

पहिली चाचणी सकाळी, रात्रभर उभ्या गाडीवर. चावी ऑन, इंजिन बंद. कूलंटचं तापमान आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान दोन्ही वाचा, रात्रभर उभी गाडी आहे म्हणजे दोन्ही जवळजवळ सारखे पाहिजेत आणि बाहेरच्या हवेशी जुळले पाहिजेत. मे महिन्यात पहाटे इथं ३० असेल आणि कूलंट सेन्सर ८ दाखवत असेल तर ईसीयूला वाटतंय गाडी थंडीत काकडतेय, तो पेट्रोल ओतणार, एव्हरेज जाणार, प्लग काळे होणार, आणि मालक म्हणणार रिमॅप करून एव्हरेज वाढवा. ऑक्टाव्हियाचा हा सेन्सर स्वस्त आहे आणि हमखास जातो.

मग इंजिन पूर्ण गरम करून ग्रुप ०३२ उघडा. पहिला आकडा आयडलचा ट्रिम, त्याला ॲडिटिव्ह म्हणतात, दुसरा लोडवरचा, मल्टिप्लिकेटिव्ह. ट्रिम म्हणजे ईसीयूनं आपल्या मूळ हिशोबात केलेली कायमची दुरुस्ती. अधिक म्हणजे पेट्रोल वाढवावं लागतंय, वजा म्हणजे कमी करावं लागतंय. आता हे डोक्यात पक्कं बसवा:

आयडलचा अधिक आणि लोडचा ठीक, म्हणजे कुठंतरी हवा चोरून आत येतेय. आयडलला इंजिन थोडीच हवा घेतं त्यामुळं छोटी भोकंसुद्धा जाणवतात, लोडवर हवेचा लोंढा असतो त्यात ती भोकं लपतात.

आयडलचा ठीक आणि लोडचा बराच अधिक, म्हणजे एअर मास सेन्सर (इंजिनात किती हवा जाते ते मोजणारा) कमी सांगतोय, नाहीतर पेट्रोलचा पंप, फिल्टर किंवा इंजेक्टर कमी पडतोय.

दोन्ही वजा असतील तर गळका इंजेक्टर, जास्त प्रेशर, किंवा ऑईलमध्ये पेट्रोल मिसळलंय.

हवेची गळती शोधायला धुराची चाचणी सगळ्यात चांगली, इनटेकमध्ये कमी दाबानं धूर सोडायचा आणि कुठून बाहेर येतो ते बघायचं. धुराचं यंत्र नसेल तर टर्बोच्या तोंडाला बूच लावून अगदी हलक्या दाबानं हवा भरा आणि होसवर साबणाचं पाणी मारा. चालू गरम इंजिनवर पेट्रोल शिंपडून गळती शोधणारे लोक आहेत, तुम्ही ते करू नका, गाडी पेटते. १.८ टर्बोत इनटेक मॅनिफोल्डखालच्या क्रँककेसच्या श्वासनळ्या आधी बघा. आपल्या ४५ डिग्रीच्या उन्हाळ्यात आणि त्यावर टर्बोच्या उष्णतेत त्या रबराचा पापड होतो, हात लावला की तुकडा हातात येतो.

एअर मास सेन्सर तपासायला ग्रुप ००३. गरम इंजिन, एसी बंद, आयडलला २ ते ४ ग्रॅम सेकंदाला. पूर्ण पेडलला किती यायला पाहिजे याचा ढोबळ हिशोब, बीएचपी गुणिले ०.८, म्हणजे १५० च्या गाडीला साधारण १२० ग्रॅम. तुमच्याकडं ८५ येत असतील आणि टर्बोचा दाब बरोबर असेल तर सेन्सर थकलाय. सोपी परीक्षा म्हणजे सेन्सरचा कनेक्टर काढून गाडी चालवून बघा, कनेक्टर काढल्यावर जास्त चांगली ओढत असेल तर सेन्सर गेला. तेलाचे स्पोर्ट्स एअर फिल्टर लावणाऱ्यांनी हे जरूर करावं, त्या तेलाचा थर सेन्सरवर बसतो.

टर्बोसाठी ग्रुप ११५, मागितलेला दाब आणि मिळालेला दाब, मिलिबारमध्ये. हे आकडे वातावरण धरून असतात, म्हणून इंजिन बंद असतानाही हजाराच्या जवळपास दिसतं, घाबरू नका. मागितलेल्यापेक्षा मिळालेला कायम कमी असेल तर होस फाटलाय, डायव्हर्टर व्हॉल्व्हचा (पेडल सोडल्यावर जास्तीचा दाब वळवणारा) पडदा गेलाय किंवा एन ७५ व्हॉल्व्ह (टर्बोचा दाब ठरवणारा) अडकतोय. आणि ग्रुप ०२०, हा माझा आवडता, प्रत्येक सिलिंडरला नॉकिंगमुळं (मिश्रण आपोआप पेटून ठोका बसणं) टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ, किती डिग्री मागं ओढलंय ते दाखवतो. ० ते ३ असेल तर छान. चारही सिलिंडरला सहाच्या वर जात असेल तर पेट्रोल, उष्णता किंवा मिश्रण यात गडबड. एकाच सिलिंडरला जास्त असेल तर त्या सिलिंडरचा प्लग, इंजेक्टर किंवा आतला कार्बन.

ई २० आणि आपला उन्हाळा

ही गोष्ट परदेशातल्या गाईडमध्ये तुम्हाला सापडणार नाही. २००५ च्या आसपासच्या गाडीचा ईसीयू शुद्ध पेट्रोलच्या हिशोबानं लिहिलेला, एक भाग पेट्रोलला १४.७ भाग हवा. आज पंपावर मिळतं त्यात २० टक्के इथेनॉल, त्याला लागतात साधारण १३.५ भाग. म्हणजे तेवढ्याच हवेला जवळजवळ ९ टक्के जास्त इंधन द्यावं लागतं. ईसीयूला ई २० माहीत नाही, पण ऑक्सिजन सेन्सर बघून तो स्वतःच ट्रिम वाढवत नेतो. त्यामुळं लोडचा ट्रिम अधिक ६ ते ८ दिसला आणि आयडलचा ठीक असला की लगेच पंप बदलायला धावू नका, तो पेट्रोलचा परिणाम असू शकतो. १५-१६ दिसत असेल तर मात्र अर्ध इथेनॉल आणि अर्ध दुसरं काही आहे, ते दुसरं शोधा.

वाईडबँड मीटर (हवा-पेट्रोलचं प्रमाण दाखवणारा) लावणाऱ्यांसाठी एक गोष्ट. मीटरवर १४.७ दिसतं ते खरं १४.७ नसतं, मीटर मोजतो लॅम्डा (१ म्हणजे हवा-इंधन बरोबर, १ पेक्षा कमी म्हणजे इंधन जास्त) आणि त्याला १४.७ नं गुणून दाखवतो. ई २० वर लॅम्डा १ म्हणजे खरे १३.५, तरी मीटर १४.७ च दाखवणार. म्हणून मीटर लॅम्डावर ठेवा आणि लॅम्डातच विचार करा, पूर्ण पेडलला टर्बोवाल्या गाडीत ०.८० ते ०.८५ च्या दरम्यान ठेवलं की इंधन कुठलंही असो हिशोब चुकत नाही.

उष्णतेचं असं की दुपारी दोनला जळगावच्या सिग्नलवर उभं राहून निघालं की आत येणारी हवा सहज ६० डिग्रीच्या वर जाते. आरएसचा इंटरकूलर बंपरच्या कोपऱ्यात छोटासा, त्याच्या जाळीत माती आणि कापसाच्या हंगामात रस्त्यावर उडणारं सगळं जाऊन बसतं. तो काढून आतून-बाहेरून धुवा, फुकटातला फायदा आहे. आणि जानेवारीच्या पहाटे केलेला ट्यून मे महिन्यातही तसाच चालेल असं धरून चालू नका. मी माझे शेवटचे लॉग, म्हणजे चालत्या गाडीच्या आकड्यांच्या नोंदी, नेहमी एप्रिल-मेच्या दुपारी घेतो, तिथं नॉकिंग नाही म्हणजे वर्षभर नाही.

फाईल वाचणं

वरचं सगळं निस्तरलं, कोड नाहीत, ट्रिम समजले, तरच पुढं या. इथपर्यंत येताना बऱ्याच जणांची गाडी इतकी सुधारते की रिमॅपची घाईच राहत नाही.

ईसीयूवरचं स्टिकर वाचा, ऑक्टाव्हियात ०६ए ९०६ ०३२ असा नंबर आणि पुढं अक्षरं. तो आणि सॉफ्टवेअरचा नंबर दोन्ही वहीत लिहा, कारण पुढच्या एका अक्षरानं फाईल बदलते. एमई ७.५ मध्ये फ्लॅश चिप २९एफ८००, म्हणजे १ एमबी, त्यात प्रोग्रॅम आणि मॅप, म्हणजे आकड्यांचे तक्ते. शिवाय ९५०४० नावाची ५१२ बाईटची छोटी ईईप्रॉम, तिच्यात इमोबिलायझरची, म्हणजे खरी चावी ओळखणाऱ्या चोरीविरोधी कुलपाची, माहिती. दोन्ही वाचायच्या. लोक फक्त मोठी वाचतात आणि ईसीयू जळाल्यावर कळतं की छोटीशिवाय दुसरा ईसीयू गाडीला ओळखत नाही, गाडी सुरू होते आणि एक-दोन सेकंदात बंद पडते.

फाईल दोनदा वाचा आणि दोन्ही एकमेकांशी ताडून बघा. एक बाईटही वेगळा असेल तर केबल नाहीतर व्होल्टेज खराब, तिसऱ्यांदा वाचा. जुळल्या की ओरिजिनल असं नाव, तारीख, गाडीचा नंबर टाकून लॅपटॉपवर, पेनड्राईव्हवर आणि मेलवर. त्या फाईलला परत हात लावायचा नाही, काम करायचं ते तिच्या कॉपीवर.

फाईलमध्ये काय बदलायचं

उघडली की नुसते आकड्यांचे डोंगर दिसतील. कुठला मॅप कुठं आहे ते सांगणारी डेफिनिशन फाईल लागते, ट्यूनरप्रो फुकट आहे, विनओएलएस मोठ्या कामाचं. डेफिनिशन तुमच्याच सॉफ्टवेअर नंबरची पाहिजे, जवळपासची चालेल असं म्हणून घेतली तर तुम्ही भलत्याच जागी आकडे बदलाल.

एमई ७ टॉर्कवर विचार करतो हे आधी समजून घ्या. तुम्ही पेडल दाबता म्हणजे टॉर्क मागता, केएफएमआयआरएल नावाचा मॅप त्या टॉर्कचं लोडमध्ये, म्हणजे सिलिंडरात किती हवा भरायची त्यात, रूपांतर करतो, एलडीआरएक्सएन सांगतो की या आरपीएमला जास्तीत जास्त एवढंच लोड, मग दाब ठरतो. आणि केएफएमआयओपी उलट दिशेनं हिशोब करून बघतो की मिळालेला टॉर्क मागितलेल्याशी जुळतो का. तुम्ही एक बदलला आणि दुसरा तसाच ठेवला तर ईसीयूला वाटतं काहीतरी बिघडलंय आणि तो थ्रॉटल बंद करतो. लोक म्हणतात रिमॅप केल्यावर झटके मारते, त्यातले बरेच झटके हेच.

माझा क्रम असा. पहिल्या वेळी फक्त केआरकेटीई, म्हणजे इंजेक्टरचा मूळ आकडा, ई २० च्या ट्रिमप्रमाणे काही टक्के वाढवायचा, लिहायचा, आठवडाभर चालवून लोडचा ट्रिम शून्याजवळ आला का बघायचं. याच्यानं ताकद वाढत नाही, पण एक आकडा बदलला आणि गाडीत तो तसाच उमटला हे डोळ्यानं दिसतं, पूर्ण प्रक्रिया हातात बसते. दुसऱ्या वेळी एलडीआरएक्सएन थोडा वर, सोबत टॉर्कचे मॅप जुळवून. टायमिंगचा केएफझेडडब्ल्यू सगळ्यात शेवटी, आणि ग्रुप ०२० स्वच्छ असेल तरच, एका वेळी एक-दीड डिग्री. साधं पेट्रोल भरणार असाल तर टायमिंगला हात न लावलेला बरा. जास्त ऑक्टेनचं पेट्रोल नियमित मिळत असेल तर गोष्ट वेगळी, पण शहाद्याच्या पुढं गेल्यावर ते मिळेलच असं नाही, म्हणून ट्यून त्या पेट्रोलचा करा जे अडीअडचणीला टाकीत पडणार आहे.

किती वाढेल? १.८ टर्बो दीडशेवरून १८०-१९० च्या आसपास आरामात जातो. सिटी व्हीटेक, पालिओ अशा विना टर्बोच्या गाडीत नुसत्या फाईलनं फार काही होत नाही, तिथं तेच पैसे प्लग, कॉईल, इंजेक्टर सफाई आणि क्लचवर घाला.

शेवटी चेकसम. एमई ७ च्या फाईलमध्ये अनेक बेरजा लपवलेल्या असतात, आकडा बदलला की त्या परत जुळवाव्या लागतात. एमई७सम हे छोटं सॉफ्टवेअर ते करतं. विसरलात तर गाडी सुरू होणार नाही किंवा १६९८५, म्हणजे पी०६०१ येईल.

लिहिणं

माझ्या हातून झालेलं सांगतो. पहिल्या वर्षी घराच्या अंगणात फ्लॅश करत होतो, बॅटरीला साधा चार्जर लावलेला, इग्निशन ऑन, रेडिएटरचा पंखा मधेच सुरू झाला आणि त्याच वेळी लोडशेडिंगची लाईट गेली. बॅटरी जुनी होती, व्होल्टेज साडेअकराच्या खाली गेलं आणि फ्लॅश अर्ध्यात तुटला. गाडी मेली. चेक लाईट नाही, स्कॅनर जोडत नाही. रात्रभर झोप नाही.

म्हणून आता हे नियम. गाडीची बॅटरी चांगली, शिवाय १३.५ व्होल्टवर स्थिर राहणारा सप्लाय, आणि तो इन्व्हर्टरवर. लॅपटॉप भरलेला, झोपायची सेटिंग बंद, अपडेट बंद, ब्लूटूथ-वायफाय बंद. गाडीचे लाईट, ब्लोअर, टेप बंद, दार उघडं ठेवायचं असेल तर आतला दिवा बंद. इंजिन गार असताना करा म्हणजे पंखा सुरू होत नाही. केबलला टेप मारून चिकटवा. आणि सुरू झाल्यावर लहान पोरांना लांब ठेवा, कोणाचा तरी पाय केबलमध्ये अडकतोच.

तरीही तुटला तर? बूट मोड. ईसीयू काढून टेबलावर आणायचा, झाकण उघडायचं, २९एफ८०० चिपचा २४ नंबरचा पाय पॉवर देताना काही सेकंद अर्थला टेकवायचा, मग प्रोसेसर आपला प्रोग्रॅम न वाचता बाहेरच्या आज्ञेची वाट बघतो आणि पूर्ण फाईल नव्यानं लिहिता येते. माझी गाडी अशीच परत आली, आणि आली कारण ओरिजिनल फाईल तीन ठिकाणी होती. हे पहिल्यांदा करताना अनुभवी माणूस शेजारी बसवा, चुकीचा पाय टेकवला तर चिप जाते.

लिहून झाल्यावर इग्निशन बंद, अर्धा मिनिट थांबा, परत ऑन, कोड पुसा, ग्रुप ०६० मध्ये थ्रॉटलचं ॲडॅप्टेशन (थ्रॉटलची उघडझाप ईसीयूला नव्यानं शिकवणं) करा, ओके आल्यावरच स्टार्ट मारा.

चालवून बघणं

लॉग घ्यायला दोन माणसं लागतात, एक चालवणारा आणि एक लॅपटॉपवाला. चालवणाऱ्यानं स्क्रीनकडं बघायचंच नाही. महामार्गावर टॉप गिअरला १६० मारून लॉग घेणारे आहेत, त्याची गरज नाही, इंजिनला लोड पाहिजे, वेग नको. दुसऱ्या गिअरमध्ये, किंवा चढावर तिसऱ्यात, २००० पासून जिथपर्यंत वेगमर्यादेत बसतं तिथपर्यंत पूर्ण पेडल, एवढं पुरतं. चाळीसगाव-कन्नड घाटात मात्र नको, तिथं वळणावर ट्रक उभे असतात. मोकळा सरळ रस्ता, सकाळी सहाच्या आधी नाही कारण अंधारात दूधवाले, बैलगाड्या, केळीचे ट्रॅक्टर बिनलाईटचे असतात.

बघायचं तेच, ०२०, ११५, ००३, ०३१ ला लॅम्डा. एकाही ओळीत नॉकिंग सहाच्या वर गेलं की त्या दिवशीचं काम थांबलं, जुनी फाईल परत टाकायची आणि घरी बसून बघायचं.

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीच्या मूळ तपशिलाला धक्का लावणारे बदल परस्पर करता येत नाहीत, आणि इन्शुरन्स कंपनीला न सांगितलेला बदल क्लेमच्या वेळी अंगावर येऊ शकतो, दोन्ही विचारून घ्या. कॅटॅलिटिक काढून टाका आणि कोड फाईलमधून बंद करा असं सांगणारे भेटतील, त्यांचं ऐकू नका, त्या धुरात आपलीच पोरं श्वास घेतात. आणि ईईप्रॉम हातात आली म्हणून किलोमीटर मागं घेऊन द्या असं कोणी म्हटलं तर सरळ नाही म्हणा, ती पुढच्या माणसाची फसवणूक आहे.

एक शेवटचं काम राहतं आणि ते बहुतेक जण करत नाहीत. माझ्या मित्रानं घेतलेल्या आरएसमध्ये कोणीतरी आधीच फाईल टाकलेली होती, कोणी, कधी, काय बदललं, काही पत्ता नाही, ओरिजिनल नाही, आम्हाला त्याच नंबरची स्टॉक फाईल शोधून मूळ पदावर यायला दोन महिने लागले. म्हणून ग्लोव्ह बॉक्समध्ये एक कागद ठेवा: ईसीयूचा नंबर, ओरिजिनल फाईलचं नाव, कुठल्या तारखेला काय बदललं, तेव्हा ट्रिम किती होते, कुठल्या पेट्रोलवर ट्यून केलाय. सोबत पाकिटात ओरिजिनल फाईलचा पेनड्राईव्ह. गाडी विकाल तेव्हा आरसीसोबत ते पाकीटही द्या.